उसाच्या फडातला इतिहासाचा तास

बातमी आली तेव्हा मी परळीच्या स्टेशनवर उभा होतो. बहिणीकडून परतत होतो, गाडीला उशीर होता, आणि आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन भानुदासअप्पा यांचा फोन आला. "सर, कालिंदाबाई गेल्या." मी अगदी सहज विचारलं, "कुठं?" ... पलीकडून अप्पांनी नाक ओढलं, तेव्हा कुठे मला उमगलं. पण प्रश्न तसा वावगा नव्हता. उमापूरजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी गणित. आणि एवढ्या वर्षांत ही बाई कुठे ना कुठे निघालेलीच असायची. आता महिना होत आला. लोक भेटले की त्यांचा विषय काढतात आणि बोलता बोलता हसायला लागतात. त्यामुळे रडवेलं काही लिहिणं मला जमणार नाही, आणि त्यांना ते आवडलंही नसतं.

अंगाने ठेंगण्या, पण आवाज असा की त्यांचा तास सुरू झाला की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही तह आणि लढाया पाठ व्हाव्यात. शाळेत सगळ्यांच्या आधी मोठ्या पडद्याचा मोबाइल त्यांनी घेतला. त्यातलं त्यांना फार कळत होतं असं नाही. पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीला त्या 'बटन'च म्हणायच्या, आणि अडलं की भर वर्गातून मला हाक मारायच्या, "सर, माझं बटन हरवलं!"

मग तो दुष्काळ आला. पाऊस आमच्याकडे फिरकलाच नाही. दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव दरवर्षी कोल्हापूर-सांगलीकडच्या सहकारी कारखान्यांना ऊस तोडायला जातं, पण त्या साली ज्यांनी कधी कोयता हातात धरला नव्हता तेही निघाले. शाळेसमोर ट्रॅक्टर लागले. भांडी, गोधड्या, शेळ्या, आणि त्या सगळ्यावर आमचे विद्यार्थी. बाई एकेका ट्रॉलीपाशी जाऊन फोन नंबर मागत होत्या. त्यांच्या सातवीच्या वर्गातली पल्लवी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे वडील लिंबाजी म्हणाले, "कावून बाई? आमी काय पळून चाललोत का?"

"पळून गेलात तरी तास चुकायचा न्हाई," बाई म्हणाल्या. ट्रॉलीतली सगळी माणसं हसली. नंबर मिळाला.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात निम्मे बाक रिकामे. बाई शिक्षक-खोलीत येऊन म्हणाल्या, "सर, माझा वर्ग फडात गेलाय. मला बी जावं लागंल." आणि त्या खरोखरच गेल्या, म्हणजे फोनवरून गेल्या. रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता त्या धडा बोलून पाठवायच्या. तिकडे उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपडीत, म्हणजे कोपीत, दिवसभराची तोड संपल्यावर, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेल्या फोनभोवती पोरं जमायची. बाईंच्या आवाजामागे फोडणीचा चर्र आवाज आणि कुकरच्या शिट्ट्याही जायच्या. पुढे परीक्षेत एकाने लिहिलं होतं, 'दोन्ही बाजूंनी तह मान्य केला व शिट्टी झाली.' बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले. म्हणाल्या, "ऐकलंय तरी पोराने मन लावून!"

पोरंही तिकडून बोलू लागली. आधी लाजायची, आपण कुठे राहतो हे सांगायला नको वाटायचं. मग बाईंनी विचारायला सुरुवात केली, तिथं जुनं काय दिसतं ते दाखवा. कुणी बांधावरच्या वीरगळाचा फोटो पाठवला, कुणी कर्नाटकातल्या एका देवळाचा खांब. गावात राहिलेल्या पोरांना त्यांचा हेवा वाटायला लागला... आमच्या शाळेत ऊसतोड्याच्या पोराचा कुणाला हेवा वाटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि मध्येच पल्लवीचा आवाज यायचा बंद झाला. बाईंनी फोन लावला तर लिंबाजी म्हणाले, "बाई, पोरीचं ध्यान फोनमदी लागतंय. धाकट्याला कोन बगनार? आता बास झालं तिचं." आमच्याकडे मुलीचं शिक्षण थांबतं ते असंच, भांडण नाही, तंटा नाही, एका वाक्यात. मी म्हणालो, आता तिचं नाव पटावरच राहणार.  संध्याकाळी बाईंनी पल्लवीला नाही, लिंबाजींनाच निरोप पाठवला, "लिंबाजीभाऊ, तुमच्या कोपीवरून पन्हाळा दिसतो म्हणे. मी आजवर फक्त पुस्तकातला शिकवला. तुमी एकदा वर जाऊन, काय काय हाय ते मला सांगता का?"

काही दिवस गेले. मग कारखान्यात काहीतरी बिघाड झाला, तोड थांबली, आणि लिंबाजींचा फोन आला, "बाई, उद्या आमी सगळे वर चाललोत. तुमाला दिसंल असं काईतरी करा."

दूध सोसायटीत जनावरांच्या माहितीचे कार्यक्रम दाखवायला आणलेला मोठा टीव्ही होता. चाऱ्याअभावी दूध आटलं होतं, हॉल रिकामाच पडलेला. भानुदासअप्पांनी कुलूप काढलं. "दूध न्हाई तर न्हाई, किल्ला तर किल्ला!" मी मोबाइलची वायर टीव्हीला जोडली. सातवीचा वर्ग, सहावीही, शिवाय रिकाम्या किटल्या घेऊन आलेल्या बायका, सगळे खाली बसले. पडद्यावर एक भलंमोठं नाक आलं.

"बाई, मी लिंबाजी बोलतोय, पन्हाळ्यावरून!" जणू त्यांनीच तो आत्ता जिंकला होता.

"आबा, फोन माझ्याकडं द्या, तुमचं नाकच दिसतंय," मागून पल्लवी ओरडली. हॉलमध्ये हशा पिकला, आणि बाईंनी पदराने डोळे पुसले.

मग पल्लवीने किल्ला दाखवला. ऊसतोड्यांची अख्खी टोळी तिच्यामागे, बायका, पोरं, एक म्हातारा. गंगा कोठी नावाचं धान्याचं प्रचंड कोठार आलं. आत जाऊन तिने हाळी दिली, तिचाच आवाज घुमून परत आला, तशी इकडची पोरंही टीव्हीकडे बघून हाळ्या द्यायला लागली. बाईंनी विचारलं, "एवढं धान्य कशासाठी साठवत असतील?" इकडून उत्तरं आली, लढाईसाठी, वेढ्यासाठी. तेवढ्यात तिकडून पल्लवीची आई हळूच म्हणाली, "दुष्काळासाठी बी आसंल की."

हॉलमध्ये किटल्या घेऊन बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के बरोबर." त्या माउलीने तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपलं नाही. कोयता घेऊन उभी हयात काढलेल्या बाईला कुणी 'शाब्बास' म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

अप्पांना राहवेना. "पोरी, तिथं पाणी हाय का?" पल्लवी पायऱ्या उतरून अंधारबाव नावाच्या विहिरीत गेली आणि फोन खाली धरला. काळंशार, हलणारं पाणी. आमच्या गावात टँकरची वाट बघणारी माणसं ते पाणी बघून टाळ्या वाजवायला लागली. वेढ्यातही किल्ला कसा टिकतो, हे मुलांना दुसऱ्या कशाने इतकं पटलं नसतं.

फोन बंद करायच्या आधी लिंबाजी पुन्हा समोर आले. आवाज बदललेला होता. "बाई, इतकी वर्षं ह्या डोंगराखाली ऊस तोडला. वर कदी आलोच न्हाई. कुनी ये म्हनलंच न्हाई..."

त्यानंतर पल्लवीचा फोन कुणी काढून घेतला नाही. हंगाम संपवून टोळी परतली तेव्हा ती धाडकन वर्गात येऊन बसली आणि पास झाली. पुढच्या हंगामाला लिंबाजींनी तिला आजीपाशी, शाळेत ठेवलं. तर ही रुसली, "आता माझे किल्ले बुडाले की!" आज ती अंबाजोगाईला कॉलेजात आहे.

पल्लवी गावात राहिली त्याच हिवाळ्यात बाईंनी मला आणि माझ्या बायकोला ओढून पन्हाळ्याला नेलं. लिंबाजी धुतलेला पांढरा सदरा घालून आमची वाट बघत उभे होते. त्यांनी आम्हाला सगळा किल्ला दाखवला. 'तीन दरवाजा' नावाच्या वेशीपाशी म्हणाले, "ह्या दारातून एका टायमाला पन्नास घोडी जात व्हती, सर." दाराची रुंदी बघून माझ्यातला गणितवाला जागा झाला, मी तोंड उघडलं, तोच बाईंनी कोपराने ढोसलं. "गप ऐका. आज आपण विद्यार्थी." आणि लिंबाजींकडे वळून, डोळे मोठे करून त्या म्हणाल्या, "पन्नास? मग?" ... त्या दिवशी त्या जितक्या खूश होत्या तितकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

गेल्या वर्षी दुखणं निघालं आणि ते त्यांना घेऊनच गेलं. शाळेला इतिहासाचे नवे शिक्षक अजून मिळालेले नाहीत, म्हणून गेल्या आठवड्यात तो तास माझ्याकडे आला. मी घाबरत घाबरत वर्गात गेलो, पुस्तक उघडलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आज कुनाला फोन लावायचा?"

मी पुस्तक मिटलं. तीच म्हणाली, "माझ्या आज्जीला लावा. तिनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय. आता फडात टोळीच्या भाकरी करती."

नंबर तिला पाठ होता. मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. बराच वेळ घंटी वाजली. मग चुलीवरच्या तव्याचा आवाज, आणि एक करडा आवाज, "कोन बोलतंय?"

"आमी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. "सातवीचा वर्ग! दुष्काळाचं सांगा!"

"अगं बया... थांबा, थांबा," आजी गडबडून म्हणाली, "डोईवर पदर तर घिऊ द्या."

आणि सगळा वर्ग हाताची घडी घालून, आजीचा पदर नीट होईपर्यंत गप्प बसून राहिला.