सासूबाई गप्प बसल्या तेव्हा

ही हकीकत मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यातली गंमत सगळी त्याची आहे आणि चूक माझी.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, आमच्या मराठी मंडळातला एक तरुण गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा आणि स्वतःची गाडी ब्रेक नसल्यासारखी चालवायचा. भिस्त सगळी काचेला चिकटवलेल्या रडार डिटेक्टरवर. पोलिसांचं रडार जवळ आलं की ते यंत्र किंचाळायचं. दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही किंचाळायचं. त्यानं त्या यंत्राचं नाव सासूबाई ठेवलं होतं. "आल्या सासूबाई!" म्हणत वेग उतरवायचा, आणि जरा पुढे गेल्यावर "झोपल्या!" म्हणून पुन्हा दाबायचा.

रविवारी तो मला मंडळाच्या नाटकाच्या तालमीला न्यायचा. एकदा पुण्याहून मुलीचा फोन यायचा होता आणि माझा मोबाइल बंद पडत आला होता. मी लायटरच्या सॉकेटमधून सासूबाईंची वायर काढून माझा चार्जर लावला. तो संवाद म्हणण्यात रंगला होता. मी सांगितलं नाही.

थोड्याच वेळात मागे पोलिसाचे दिवे लागले. त्याच्या नावावर आधीच वेगाच्या दंडाची तिकिटं होती. आता लायसन्स जाणार, हे दोघांनाही कळलं. त्यानं बंद यंत्राकडे पाहिलं, मग सॉकेटकडे.

"चार्ज झाला का, काका?"

"झाला."

काही महिन्यांसाठी लायसन्स गेलंच. "माझाच पाय जड आहे यार," एवढंच तो सगळ्यांना सांगायचा. मग रविवारी मी त्याला न्यायला लागलो. शेजारी बसून तो म्हणायचा, "काका, जरा दाबा, तालीम आजच आहे." दर वेळी 'माफ कर' अगदी ओठांवर यायचं, आणि मी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचो.