झाकणाचा वास

डेअरीच्या धक्क्यावर दुधाचे कॅन उतरले की तिचा नवरा प्रत्येकाचं झाकण उचलायचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. एकच, आखूड श्वास. आंबूस वाटलं की कॅन परत. यंत्रं आली, तरी नाकवाला तोच राहिला. "पहिला श्वास खरा, दुसरा लबाड," तो ऐटीत सांगायचा. "नाकाला लगेच सवय होते. पुन्हा हुंगलं की नासकंही चांगलं वाटतं."

हे शहाणपण धक्क्यावर ठेवून घरी यावं की नाही! पण तीस वर्षं जेवायला बसताना हा पातेल्याचं झाकण उचलायचा, एक श्वास घ्यायचा आणि नाक मुरडायचा. "लसूण जळलाय." "कांदा कच्चा राहिलाय." नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस जेवायचा मात्र पोटभर. त्या एका श्वासापुरता तिचा श्वास अडकायचा. एकदा तरी 'छान' म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा. तीही तिने कधी बोलून दाखवली नाही.

मग त्याला पंधरा दिवस सर्दी झाली. बरा झाल्यावर पहिल्याच जेवणाला त्याने झाकण उचललं, श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला आणि म्हणाला, "छान झालीय भाजी."

ती ओट्याकडे तोंड करून रडली. बहिणीला फोन करून सांगितलं. महिनाभर रोज 'छान'. तीन श्वास कशाला, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

एके दिवशी बहिणीशीच बोलता बोलता भाजी बुडाला लागली. घरभर करपट वास सुटला, शेजारीण दार वाजवून सांगून गेली. तेवढ्यात तो आला, हात धुतले, झाकण उचललं. तीन श्वास. "छान झालीय."

"अहो, करपलीय ती! तुम्हाला वास येत नाही?"

त्याच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "सर्दीपासून नाही. दूधवाल्यांची तोंडं बघून कॅन पास करतोय. कुठे बोलू नकोस."

तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. "नाकात अगदी वर टपालाच्या तिकिटाएवढी जागा असते," डॉक्टर म्हणाले. "तिथून वास थेट मेंदूत जातो. सर्दीने तीच जागा बिघडलीय. खारट, आंबट, गोड, कडू जिभेला कळतं, बाकीची चव नाकाचीच. सुधारेल कदाचित. कदाचित नाही."

परतताना तिला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

"मग रोज छान कशाला म्हणत होतात?"

"खोड काढली असती आणि ती चुकीची निघाली असती, तर तुला कळलं असतं ना."

संध्याकाळी सवयीने त्याचा हात पातेल्याकडे गेला. त्याच्याआधी तिने झाकण उचललं. एकच, आखूड श्वास घेतला. भाजी चांगली झाली होती. तीस वर्षं अशीच होत असणार.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय," ती म्हणाली आणि आधी स्वतःला वाढून घेतलं.