अपडेट येतंय म्हणे

धम्मदीपाला राग आला की ती भांडी आपटत नाही, आवाजही चढवत नाही. ती प्रश्न विचारते. एक विचारला की थांबते, समोरच्याला उत्तराला भरपूर जागा देते, आणि त्या जागेतच माणूस घामाघूम होतो.

"आलं का अपडेट?" त्या शनिवारी सकाळी बूट चढवताना तिने विचारलं.

"येतंय गं. पुढच्या आठवड्यात, असं लिहिलंय फोरमवर," तिचा नवरा केतन लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"हा कितवा पुढचा आठवडा?"

केतनने लॅपटॉपमध्ये आणखी मान घातली.

वर्ध्याला तिचे बाबा वजनमापे खात्यात शिपाई होते. साहेबाच्या मागे शिक्क्यांची पेटी घेऊन बाजारभर फिरायचे. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण साहेबाआधी त्यांना दिसायचं. मुलीने डोळे त्यांचेच घेतले होते. नेदरलंड्समधल्या लायडनच्या लॅबमध्ये नऊ वर्षं झाली, पण तारीख वाचल्याशिवाय तिने बाटली उचलली नव्हती, की पाहिल्याशिवाय वहीवर सही केली नव्हती.

गाडीच्या कागदांवर मात्र केली.

त्याचं असं झालं. ते राहतात त्या डीमन गावच्या मराठी ग्रुपवर रीतच आहे, परत जाणाऱ्याचा संसार 'सगळ्यासकट' जातो. कुकर, पोळपाट, मुलांच्या सायकली, कुंडीतला कढीपत्ता, गाडी. यादी कोणी तपासत नाही. आपल्याच माणसाला काय तपासायचं? श्रीकांतदादा पुण्याला परत निघाले आणि त्यांची निळी गाडी यांच्याकडे आली. केतन युट्रेख्टला ऑफिसला ट्रेनने जातो, म्हणून गाडी धम्मदीपाच्या नावावर झाली. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवरची काळी डबी किंचाळली. तिने पुण्याला फोन लावला.

"अहो वहिनी, रडार डिटेक्टर आहे तो! स्पीड कॅमेऱ्याची आधीच वर्दी देतो. पुढच्या जाळीमागे सेन्सर आहे, एकदम मस्त काम!"

"दादा, इथे चालतं हे?"

"आत्ता तसं... नाही. पण युरोपचा नवा नियम येतोय ना! आणि त्याच्याआधी कंपनीचं अपडेट. ते टाकलं की नेदरलंड्समध्ये हा आपोआप झोपतो, सीमा ओलांडली की जागा होतो. थोडी कळ काढा."

"तुम्ही किती काढलीत?"

"दोन वर्षं!" दादा खो खो हसले.

फोनवरच्या ॲपने कॅमेरा सांगितलेला इथे चालतो. पण हे यंत्र गाडीत नुसतं सापडलं तरी दंड. त्याच संध्याकाळी ती केतनला म्हणाली, काढून टाक. तो म्हणाला, "सेन्सर काढायचा तर अख्खा बंपर उतरवावा लागतो. अपडेट येऊ दे, एक आठवडा थांब." ती थांबली. एका आठवड्याचे आठ महिने झाले. डबी बंद ठेवायची एवढंच ठरलं.

आणि काल रात्री अपडेट आलं का बघायला केतनने ती चालू केली. बंद करायला विसरला.

हे तिला कळलं स्खिपोल विमानतळ ओलांडल्यावर, पोलिसांच्या मोटरसायकलने तिची गाडी बाजूच्या वाहनतळावर वळवली तेव्हा. घड्याळात नऊ वीस.

ट्रेन बंद होत्या, रुळांची कामं. म्हणून तर तिने गाडी काढली होती. लॅबमध्ये सहा बश्यांमध्ये हृदयाच्या पेशी होत्या, नऊ आठवडे तिने वाढवलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या खरोखर धडधडताना दिसत. काल दहाला त्यांना औषध घातलं होतं. आज दहाला ते धुवायचं, नाहीतर औषधच त्यांना मारणार. शनिवारी ड्यूटीवर ती एकटी.

"मॅडम, आमच्या यंत्राला तुमच्या गाडीत एक यंत्र सापडलंय," तरुण पोलीस बाई डचमध्ये म्हणाली. "डिटेक्टर आहे का?"

"एक मिनिट," म्हणून धम्मदीपाने केतनला फोन लावला.

"अरे बापरे! दीपा, ऐक, माहीत नव्हतं म्हण. सेकंडहँड गाडी, जुन्या मालकाचं असेल. म्हणावं तपास करा, चौकशी करा..."

"चौकशीला किती वेळ लागेल?"

"लागू दे ना तास-दोन तास! नाहीतर तुझ्या नावावर येईल सगळं."

"आणि पेशी?"

"पेशी काय पळून जातायत का?"

तिने फोन कापला. कानशिलं तापली होती. दादांवर, केतनवर, आणि सगळ्यात जास्त त्या बाईवर, जिने दर आठवड्याला 'आलं का' विचारलं आणि एकदाही पाना उचलला नाही.

"आहे डिटेक्टर," ती डचमध्ये म्हणाली. "मला माहीत होतं. आठ महिन्यांपासून."

पोलीस बाईने लिहिता लिहिता वर पाहिलं. "बहुतेकांना माहीत नसतं."

"मला होतं. दंड लिहा, यंत्र घ्या. मला दहाला लायडनला पोहोचायचंय."

"यंत्र काढल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. आमचा मेकॅनिक अकरापर्यंत येईल."

"तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे?"

ती ओल्या डांबरावर गुडघे टेकून बसली. मोबाइलचा उजेड जाळीत धरला. बंपर उतरवायची तयारी मनात करूनच तिने हात आत घातला. चार स्क्रू. दोन प्लास्टिकचे पट्टे, भाजीच्या जुडीला बांधतात तसे. आणि एक वायर.

"चार स्क्रू!" ती मराठीतच ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडली. "चार! आठ महिने! युरोपचा कायदा बदलायची वाट बघत बसलो आम्ही!"

पोलीस बाई एक पाऊल मागे सरकली. मग तिनेच टॉर्च धरला.

डबी, सेन्सर, वायर सगळं तिच्या हातात कोंबून, सही करून, धम्मदीपा नऊ पंचेचाळीसला निघाली. सही करण्याआधी कागदाची ओळ न् ओळ वाचली. पोलीस बाईने घाई केली नाही.

लॅबमध्ये पोहोचायला दहा वाजून अकरा मिनिटं झाली. सहाही बश्या धुतल्या, एकेक भिंगाखाली धरली. पाच धडधडत होत्या. सहावी गप्प होती. तिने पुन्हा पाहिलं, भिंग बदलून पाहिलं. गप्पच.

वही ओढून तिने लिहिलं: 'विलंब अकरा मिनिटं. बशी सहा बंद. कारण: गाडीत बेकायदा यंत्र आहे हे माहीत असून काढलं नाही.' खाली सही.

फोन वाजला.

"दीपा! सुटलीस ना? आणि ऐक, काय योगायोग बघ, अपडेट आलं!"

तिने हातमोजे काढले, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"केतन, बंपर उतरवावा लागतो, हे तू जाळीत डोकावून पाहिलं होतंस?"

आणि सहावी बशी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत, उत्तराला हवी तेवढी जागा देत, ती थांबली.