पाणी देणारी बाई

सुरी पाण्यात गेली आणि टिच्च असा आवाज आला. सरांनी ती बाहेर काढली. पात्याला आरपार चीर गेलेली. समोर खुर्च्यांवर माणसं, हातात मोबाईल. सर हसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "वहिनींनी भाता जरा जास्तच ओढला. उत्साह आहे!"

सगळे हसले. मी भात्यापाशी मातीत बसले होते. नऊवारी सरांनीच नेसायला लावलेली. घरी आमच्या भट्टीला विजेचा पंखा आहे, पण पूर्णगडजवळच्या त्या बागेत पाहुण्यांना भाता बघायचा होता.

मी चौथी शिकले. चार माणसांत बोलायला मला जमत नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

संगमेश्वरकडे आमचं लोहारकाम. भंगारातून ट्रकच्या कमानीचे पाटे आणतो, त्यांचे कोयते, विळ्या, सुऱ्या करतो. पाटा ठोकला म्हणजे हत्यार होत नाही. शेवटी त्याला पाणी द्यावं लागतं. लाल तापवायचं आणि नुसती धारेची कड बुडवायची. लगेच बाहेर काढून दगडावर घासायची. मग पाठीकडची ऊब कडेवर उतरते आणि रंग चढतो. आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. एक श्वास उशीर झाला तर धार मऊ पडते. घाई केली तर पातं टिचतं.

आमच्यात बाई भाता ओढते, घण मारते. पाणी देत नाही. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या पाण्याने धार बसत नाही. पण ह्यांच्या डोळ्यांना रंग कळेनासे झाले. गिऱ्हाइकं कोयते परत आणायला लागली. तेव्हापासून पाणी मी देते. सात वर्षं झाली. दाराला गोणपाट लावून, कुणी बघू नये म्हणून. गाव म्हणतं, ह्यांचा हात चांगला.

सर पुण्याचे, इंजिनिअर. शिकायला म्हणून पंधरा दिवस आमच्याकडे राहिले, माझ्या हातचं जेवले. ह्यांनीच त्यांना खरं सांगितलं. मी सगळं दाखवलं. रंग कसा ओळखायचा, कड किती बुडवायची. सरांनी वहीत लिहून घेतलं. जाताना माझ्या पाया पडले. "वहिनी, तुम्ही माझ्या गुरू." माझ्या पाया कधी कुणी पडलं नव्हतं. दोन दिवस मी तेच आठवत होते.

मग पाहुण्यांना लोहारकाम दाखवायला म्हणून त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. आणि त्या बागेत त्यांनी भट्टी भर उन्हात मांडली. मी हळूच म्हटलं, "सर, उन्हात लाल कळत नाय. सावलीत घ्या."

"व्हिडिओला इथेच बरं, वहिनी."

उन्हात लोखंड फिकं दिसतं, म्हणून त्यांनी तापवतच नेलं. मग अख्खं पातं गार पाण्यात घातलं.

लोक हसत होते तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सरांनी दिलेला झब्बा घालून उभे होते. सरांनी विचारलं, "काय दादा, भात्यामुळेच ना?"

हे म्हणाले, "होय तर. बायकांना काय कळतंय पाण्यातलं!"

सरांचं मला तेवढं लागलं नाही. ते आले तसे जाणारच होते. ह्यांचं लागलं.

सर दुसरी सुरी भट्टीत घालून माझ्याजवळ वाकले. दबक्या आवाजात म्हणाले, "मी धरतो. तुम्ही फक्त 'आता' म्हणा."

"नाय म्हणणार."

"सांग गो, लोकं बसलीत," हे म्हणाले.

मी उभी राहिले. "तुम्ही सांगा," मी ह्यांना म्हटलं. "पाणी तुम्ही देता ना? मग सांगा रंग."

ह्यांनी सुरीकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"घरात पाणी मी देतंय," मी म्हटलं. मोठ्याने. आणि निघाले.

घरी हे म्हणाले, "तू माझी अब्रू काढलीस." तेव्हापासून धड बोलत नाहीत.

आता कोयता न्यायला कुणी आलं की मी तोंडाने सांगते, ह्याला पाणी मी दिलंय. नको असेल तर ठेवा. दोघे ठेवून गेले. जाऊ देत. टिचलं तर माझं चुकलं. धार बसली तर तीही माझीच. यापुढे दुसऱ्या कुणाच्या नावावर मी पाणी देणार नाही. ह्यांच्या तर नाहीच.