सावलीत वाळवलेले वडील

बडोद्यातल्या गोत्री भागातल्या आमच्या घराची वरची खोली एका अमेरिकन शिल्पकार बाईंनी तीन महिन्यांसाठी घेतली होती. वय अडुसष्ट, आणि हयात लोखंडात गेलेली. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, तिथेच त्या वेल्डिंग शिकल्या. पुढे कित्येक वर्षं शाळेची बस चालवून पोट भरलं, तेव्हा कुठे त्यांची दोन-दोन मजली शिल्पं चौकाचौकांत उभी राहिली. एका गावाने तर ऊन अडतं म्हणून शिल्पच उचलून नेलं, हे त्या हसत सांगायच्या. आता खांदा गेला होता. म्हणून माती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच चेहरा: वडिलांचा, आठवणीतून. बडोदं सोडण्यापूर्वी त्याचा साचा काढून तो ब्राँझमध्ये ओतायचा होता.

ओतकामाचं ठरवायला त्या चार दिवस बाहेरगावी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "कापड सकाळ-संध्याकाळ ओलं करायचं. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! आमच्याकडे तीन पिढ्या शाडूचा गणपती घरीच होतो. मूर्ती सावलीत सावकाश वाळवायची, हे मला मुंजीच्या आधीपासून ठाऊक. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते डोकं पाहून मला बाईंची दयाच आली. लोखंडातल्या बाई, मातीतलं काय कळणार? मी फडकं काढलं, खिडकीला चादर लावली आणि पंखा एकवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग! माती आकसली होती, आतला लोखंडी सांगाडा थोडाच आकसणार? आमच्या गणपतीच्या पोटात लोखंड नसतं, एवढा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. मी घाईघाईने ओली माती भरली, अंगठ्याने सारवली. नाक जरा बारीक वाटलं, तेही सुधारलं.

बायको वर आली. "अहो, हे तर तुमचे पाणीगेटचे काका!"

"दिसतात का?"

"हुबेहूब. नाकाखाली तपकीर तेवढी लावा. आणि बाई आल्या की थापा मारू नका, तुम्हाला त्याही जमत नाहीत."

बाई परतल्या तेव्हा मी सगळं सांगितलं, नाकासकट. बाई बराच वेळ त्या डोक्याभोवती फिरत राहिल्या.

"वडिलांचा फोटो असेल ना?" मी चाचरत विचारलं.

"आहे. पण त्यात ते फोटोसाठी उभे आहेत."

मग त्यांनी माती ओरबाडून बादलीत टाकली, वर पाणी ओतलं. "लोखंडात चूक झाली की क्रेन बोलवावी लागायची," म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

निघायला आठ दिवस उरले होते. सात दिवसांत त्यांनी नवं डोकं उभं केलं. मला फक्त माती मळायची परवानगी होती. साचा काढायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "पहिल्यासारखं झालं का?"

"शिल्प म्हणून हे जास्त चांगलं आहे."

मला हायसं वाटलं. मग हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, "पहिल्यात मात्र माझे वडील होते."

ब्राँझचा फोटो त्यांनी पाठवला आहे. बायको म्हणते, फार सुंदर झालंय. मी अजून तो नीट उघडून पाहिलेला नाही.