न दिसणारा कोपरा

चाकणच्या एका कंपनीत बाबांचा जन्म गाड्यांचे बंपर पुसण्यात गेला. रंग चढवण्याआधी बंपरवर बोटाचा ठसासुद्धा राहता कामा नये, म्हणून बाबा तो आयपीएनं पुसायचे. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. कंपनीत या कामाला 'वाइप मारणं' म्हणतात. बाबा रिटायर झाले आणि रावेतच्या आमच्या फ्लॅटमधल्या एकेका वस्तूवर संक्रांत आली. रिमोट, फ्रिजचं हँडल, माझ्या मोबाइलचं कव्हर, काही म्हणून सुटलं नाही.

त्यांचे नियम मात्र कडक होते. आधी गॅस बंद, देवापुढचा दिवा शांत, खिडक्या उघड्या. बाटलीचा फवारा वस्तूवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. पुसायचं ते एकाच दिशेनं. आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं. हा शेवटचा नियम देव्हाऱ्यानं शिकवलेला. देव्हाऱ्याच्या पारदर्शक अॅक्रिलिकच्या दारावर त्यांनी मोठ्या ऐटीत वाइप मारला, आणि दारभर बारीक चिरा पडल्या.

"अहो, देव कोळ्याच्या जाळ्यात बसवलेत तुम्ही!" म्हणत आई पोट धरून हसली होती.

पेटीच्या वेळी ती हसली नाही.

ही पेटी, म्हणजे हार्मोनियम, आईच्या वडिलांची, अण्णांची. लग्नानंतर बीडहून तिच्यासोबत आलेली. सोसायटीतल्या बायकांच्या भजनात आई ती वाजवते. शिफ्ट आणि ओव्हरटाइमच्या वर्षांत आपण तिची पेटी कधी धड ऐकलीही नाही, ही बोच बाबांना होती. म्हणून एकादशीच्या भजनाआधी, आई भाजीला गेलेली बघून, त्यांनी पेटी चकचकीत करायला घेतली. ती यायच्या आत उरकायचं होतं, त्यामुळे कोपरा बघायला उसंत नव्हती. फडकं चिकटायला लागलं. उचललं तर तांबूस झालेलं, आणि पेटीच्या झाकणावर पांढुरके, खरखरीत पट्टे.

आईनं आल्यावर पाहिलं, पेटीवर चादर टाकली आणि "आता नाही वाजवायची मला," एवढंच म्हणाली. भजनाला ती गेली नाही. मला बाबांचा राग येत होता आणि तितकीच कीवही येत होती.

चादर तशीच राहिली. मग एका सकाळी चहा देताना आईच बोलली.

"लाखेचं पॉलिश होतं ते. आमचे अण्णा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लावायचे. तुमच्या त्या औषधानं उतरणारच की ते."

"मग परत लावता येईल?" बाबांनी कप खाली ठेवला.

"लावता येईल. अण्णांसारखं जमेल का, ते सांगता येत नाही."

बाबा तडक पिंपरी कॅम्पाच्या बाजारात गेले आणि लाखेचे पापुद्रे नि स्पिरिट घेऊन आले. लाख पुरती विरघळल्यावर आईनं कापूस मऊ फडक्यात गुंडाळून बोळा केला, अगदी तिच्या वडिलांसारखा. बाबांनी गॅस दोनदा तपासला, खिडक्या उघडल्या. आईनं बोळा त्यांच्याच हातात दिला.

"लावा. तुमच्या नियमानं, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात."

बाबांनी पेटी अलगद आडवी केली. तळाच्या कडेला, जिथे कधी कुणाचा हात लागला नव्हता, तिथे आजोबांनी लावलेलं पॉलिश तसंच्या तसं होतं, काकवीच्या रंगाचं. बोळा तिथवर नेऊन त्यांनी हात मागे घेतला. मग त्यांनी पेटी पुन्हा सरळ ठेवली.

"इथे नको," ते म्हणाले. "हा कोपरा अण्णांचा. काय चुकायचं ते वरच चुकू दे."

आईनं पेटी जवळ ओढली, बाबांच्या हातावर आपला हात ठेवला आणि झाकणावरून पहिला बोळा फिरवला.

"एकाच दिशेनं हं," ती म्हणाली. "पुढच्या एकादशीपर्यंत वाळायला हवी."