न्यायच्या तर चौघी

संस्थात्मक राजकीय अर्थशास्त्रात माझं ‘मोलाचं योगदान’ आहे, असं कुणी भाषणात म्हणालं की मी उगाच पाणी पितो. ते योगदान मुळात एका म्हातारीचं.

नाशिकच्या मजूर नाक्यावर पेठकडच्या बायका सकाळी कामासाठी उभ्या राहतात. दोन वर्षं मी तिथे वही घेऊन बसत होतो. चौघींच्या एका गटातली थोरली, साठी उलटलेली, मला सगळं समजावून सांगायची. मुकादम तरण्या तिघींना बोलवायचे. त्या हलायच्या नाहीत. “न्यायच्या त चौघी न्या, नाय त कोनीच नाय,” एवढंच ती म्हणायची. कुठल्याही कागदावर नसलेल्या या नियमामुळे म्हातारीची चूल पेटायची, आणि तरण्यांनाही आपल्या म्हातारपणाचा भरवसा असायचा. त्यावर माझं अख्खं पुस्तक उभं राहिलं. नियम ढिला कधी पडतो, यावरही त्यात एक प्रकरण आहे: दहानंतर, गाड्या यायच्या थांबल्या की.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही घर बदललं. तिसरा मजला, लिफ्ट बंद, पुस्तकांचे खोके. मी नाक्यावर गेलो, आणि मुद्दाम साडेदहाला गेलो. हे लिहितानाही कान तापतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चौघी अजून तिथेच होत्या. म्हातारी जिना चढणार कधी, असा विचार करून मी म्हणालो, “तिघीच पुरे.”

तरण्यांनी तिच्याकडे पाहिलं. तीच म्हणाली, “जा गं. सर आपलेच हायत.”

संध्याकाळपर्यंत तिघींनी सगळे खोके चढवले. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण सामान वर पोचल्याचं समाधान जास्त होतं.

आठवड्याने सकाळी आठच्या सुमारास नाक्यावरून जात होतो. एका मुकादमाने तिघींना हाक मारली. म्हातारीने तिचं नेहमीचं वाक्य ऐकवलं. तो हसला. “परवा सरांसंगं तिघीच गेल्या, तवा कुटं गेला नियम?”

तिघी खाली मान घालून पिकअपमध्ये चढल्या.

मी स्कूटर थांबवली. म्हातारीने मला पाहिलं, थोडी सरकली आणि शेजारचा कट्टा पदराने झटकला.

“बसा सर,” ती म्हणाली. “हे बी लिवून घ्या.”